ज्युरी ड्यूटीचा रकाना

"साहेब, परत पुढची तारीख भेटली," वसंता म्हणाला आणि मी कपाळावर हात मारला. ही त्याची चौथी खेप.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी एचआर बघतो. वसंता आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो. मौद्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं सायकलवाल्याला उडवलं. माणूस जागीच गेला. ड्रायव्हरचा चेहरा पाहिला तो एकट्या वसंतानं, म्हणून सगळी केस त्याच्या साक्षीवर. समन्स आलं की जायचं, दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. आमच्याकडे तो दिवस बिनपगारी. वर हजेरी बोनसही बुडतो, कारण त्याला महिनाभर एकही खाडा चालत नाही.

समन्स म्हणजे काय लग्नाची पत्रिका आहे, जमलं तर गेलं?

मी रजेचं सॉफ्टवेअर उघडलं. ते अमेरिकेचं. यादीत 'ज्युरी ड्यूटी' दिसलं, तेही पगारी! तिकडे खटल्याचा निकाल द्यायला साध्या नागरिकांना बसवतात, ती ज्युरी. आपल्याकडे ती केव्हाच बंद झाली. साक्षीदाराचा रकाना मात्र नव्हता. मी वसंताचे चारही दिवस बिनधास्त ज्युरीत टाकले.

पुण्याच्या हेड ऑफिसातून मॅडमचा फोन आला. "सर, भारतात ज्युरी नसते."

"मग यादीत कशाला ठेवलीय?"

"सिस्टीममध्ये आहे म्हणून."

"आणि साक्षीदार?"

"तो सिस्टीममध्ये नाहीये, सर."

धन्य! मी तीन मेल केले. समन्सची प्रत जोडली, कोर्टातून आणलेला हजेरीचा दाखला जोडला. 'कमिटीपुढे ठेवतो' असं उत्तर आलं. वसंताला म्हटलं, जरा दम धर.

पाचव्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी आली. प्रिंट घेऊन मी गोडाऊनला गेलो. वसंता फोर्कलिफ्ट पुसत होता.

"राहू द्या साहेब. काल साक्ष झाली. आता नाही बोलावत ते मले."

"काय सांगितलं गा?"

"ड्रायव्हरचा चेहरा आठवत नाही म्हणून सांगून टाकलं. किती खेपा मारू?"

मला त्याचा संताप आला, मग स्वतःचाही. "त्या सायकलवाल्याची बायको होती तिथं?"

"होती ना." तो हातातल्या फडक्याकडे पाहत म्हणाला. "आत जायच्या आधी तिनंच चहा पाजला मले."

सिस्टीममध्ये आता 'न्यायालयीन साक्ष, पगारी' असा रकाना आहे. वर्ष झालं. अजून तो कोणी वापरलेला नाही.