नळ आहे, नळ येतो

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शेजारी देशांच्या विकासाचं प्रकरण शिकवायला घेतलं की मी फळ्यावर एक तक्ता काढते. डावीकडे देशांची नावं: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका. वर रकाने: दरडोई उत्पन्न, सरासरी आयुष्य, साक्षरता, बाळंतपणात दगावणाऱ्या बाया, घरात नळ, घरात वीज. आकडे भरायच्या आधीच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, पाकिस्तान आपल्या खाली ना?" बऱ्याच रकान्यांत खाली आहे म्हटलं की वर्गाचा जीव भांड्यात पडतो आणि पुढच्या तासाला निम्मी मुलं गायब होतात. श्रीलंकेचं कुणालाच काही पडलेलं नसतं. एवढासा देश जगण्या-मरण्याच्या रकान्यांत आपल्या वर कसा, हे विचारायला धुळ्याच्या आमच्या कॉलेजात अजून एकही पोरगं उभं राहिलेलं नाही. मीही तो तक्ता इतकी वर्षं काढला आणि तास संपला की पुसून टाकला.

त्या तक्त्यातला 'घरात नळ' हा रकाना मला कळला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आणि तोही परमुलखात. तिला मी अक्का म्हणते. नरडाण्याच्या पलीकडे एका गावात तिचं घर आहे. मेहुणे गेले, मुलगे पुण्याला नोकरीला लागले, आता घरात ती एकटीच. घरात टीव्ही आहे, फ्रिज आहे, गॅस आहे, हातातल्या फोनवरून भाजीवाल्याचे पैसे देते. अंगणात नळही आहे, पितळी तोटीचा. तो आठ-दहा दिवसांतून एकदा येतो.

'नळ येतो' हे लिहिताना मला आता थांबायला होतं. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नळच येतो. नळ आला, नळ गेला, नळ चुकला, आज नळाचा दिवस आहे. बोलीत तर अजून थोडक्यात, नळ उना. एखादा पाहुणा यावा तसं आम्ही त्याच्याबद्दल बोलतो, आणि पाहुण्याचं करावं तसंच सगळं करतो. अक्काच्या ओट्यावर निळे ड्रम, न्हाणीत टाकी, स्वयंपाकघरात हंडे, कळश्या, डबे. नळ आला की उरलेलं शिळं पाणी झाडांना, भांड्यांना, गल्लीतल्या धुळीला, आणि मग ताज्या पाण्याने सगळं काठोकाठ. एकटीला एवढं पाणी कशाला, असं मी एकदा चिडवलं होतं. ती म्हणाली, ड्रम रिकामा दिसला की तिला जेवण जात नाही.

नळाच्या दिवशी अक्का घर सोडत नाही. लग्न असो, बारसं असो, ती आधी नळाचा हिशोब करते आणि मग हो म्हणते. आईच्या शेवटच्या आजारातही तिने तेच केलं. आई धुळ्याच्या दवाखान्यात होती. आम्ही दोघी आळीपाळीने थांबत होतो. अक्काच्या घरी तेव्हा दोन लहान पोरं होती, अंथरुणाला खिळलेली सासू होती, मेहुण्यांची कारखान्यात पाळी होती. दुपारी ती म्हणाली, उद्या नळाचा दिवस आहे, टाकी कोरडी पडली आहे, मी जाऊन भरून येते. आईने मान हलवली. संध्याकाळच्या एसटीने अक्का गेली आणि पहाटे आई गेली.

त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. दरवर्षी माझ्या घरी आईच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदन असतं. अक्का सकाळी पांढरं पातळ नेसून येते, वंदना म्हणते, सगळ्यांना वाढते आणि दिवस मावळायच्या आत परत जाते. माझ्या घरी तिने त्यानंतर एक रात्र काढलेली नाही. मीही राहा म्हटलं नाही. मला तिचा राग होता. आईपेक्षा पाणी मोठं झालं, असं मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं, आणि अशा गोष्टी बहिणी-बहिणींत फार व्यवस्थित सांभाळल्या जातात.

तर आमच्या विहारातून श्रीलंकेची यात्रा निघाली तेव्हा अक्का येईल असं मला वाटलं नव्हतं. पण अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायचा, ही तिची फार जुनी इच्छा. तिने शेजारणीकडे किल्ली दिली, कोणता ड्रम आधी भरायचा आणि कोणता मग, हे तिला दोनदा म्हणून दाखवायला लावलं आणि बॅग भरायला घेतली. बॅगेत कपडे थोडे आणि दूधपावडरची पाकिटं जास्त. काही वर्षांपूर्वी तिथे पेट्रोलच्या, गॅसच्या रांगा लागल्या होत्या, लोक रस्त्यावर उतरले होते, ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तो देश तिच्या मनात तेव्हाच्या रांगेतच उभा राहिलेला होता. बिचाऱ्यांच्या लेकरांना दूध मिळत नाही, आपण रिकाम्या हाताने कसं जायचं, असं तिचं म्हणणं. वर ज्वारीचे बिबडे, आमचे जाड पापड, होतेच, ते तर खानदेशातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅगेत असतात.

अनुराधापूरला आमच्या जथ्याची सोय वेगवेगळ्या घरांत केली होती. आम्ही दोघी एका निवृत्त शिक्षिकेकडे उतरलो. बाई अक्काच्याच वयाच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही काही फार साजूक नाही, आणि अक्काचं सगळं माझ्यामार्फत. बाईंनी दूधपावडर दोन्ही हातांनी घेतली आणि हसल्या. आता दुकानात मिळते, म्हणाल्या, पण महाग आहे. मग त्यांनी मागचं सांगितलं. गॅस नव्हता तेव्हा अंगणात तीन दगड मांडून चूल केली. पेन्शन तेवढंच राहिलं आणि भाजीचे भाव आकाशाला भिडले. मुलगा शिकलेला, तो आखातात कामाला गेला तो अजून तिथेच आहे.

मग त्यांनी आमची चौकशी केली. तुमच्याकडे गॅस मिळतो? मिळतो. पेट्रोल? मिळतं. पैशाची किंमत एका रात्रीत पडली का? नाही. म्हणजे तुम्ही सुखी लोक, त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्गातल्या पोरांसारखंच माझंही मन तक्त्यात आपली ओळ शोधत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अक्काने मला हलवलं. "ऊठ वं, नळ उना."

न्हाणीतून धो धो आवाज येत होता. अक्का हात धुवायला गेली होती, तोटी फिरवली तर पाणी, तेही चांगलं जोराचं. मी डोळे चोळत जाईपर्यंत तिने बादली, प्लास्टिकचा मग, आमच्या चारही बाटल्या आणि चहाची किटली भरली होती. मला काही सुचायच्या आत ती खाली स्वयंपाकघरात पोचली आणि बाईंची पातेली भरायला लागली. यजमानीण झोपली आहे, तिचा नळ चुकू नये, एवढाच तिचा चांगुलपणा.

आवाजाने बाई उठून आल्या. पाहुणी घाईघाईने पातेली भरते आहे, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पाणी बंद होणार असल्याची काहीतरी बातमी आम्हाला लागली आहे. एकदा पोळलेलं माणूस, त्यांनी विचारलंसुद्धा नाही, पदर खोचावा तसा झग्याचा घोळ वर धरला आणि भाताचं मोठं भांडं नळाखाली लावलं. अक्काने समाधानाने मान डोलावली, ही वेळेवर उठली म्हणून. दोघी एकमेकींना भांडी देत राहिल्या. घमेलं झालं, फुलांचं तबक झालं. एकीला वाटत होतं नळ आत्ता जाईल, दुसरीला वाटत होतं ही एवढी भरते म्हणजे खरंच जाईल. शेवटी बाईंनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी हसत सुटले. हसता हसता बाईंना सांगायला लागले तर गाडी अडली. अक्का म्हणाली, "इले इचार, नळ कव्हय येस?" मी इंग्रजीत विचारलं. बाईंना कळलं नाही. मी शब्द फिरवून विचारलं, तुमचा नळ किती वाजता येतो? बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे बोट केलं. नळ इथेच आहे, म्हणाल्या. तो कुठून येणार?

मी अक्काला तसंच सांगितलं. तिला ते पटेना. "रोज येस?" मी म्हटलं, रोज. "बठ्ठा दिन?" मी म्हटलं, हो, सगळा दिवस. बाईंनी प्रामाणिकपणे पुढे सांगितलं की कधीमधी दुरुस्तीला बंद असतो, आणि इथलं पाणी जड आहे, किडनीला वाईट म्हणतात, म्हणून प्यायचं पाणी त्या फिल्टरचं आणतात. पण अक्का तिथपर्यंत आलीच नव्हती. ती तोटी बंद करत होती, उघडत होती, पुन्हा बंद करत होती. मग हात पुसून पायरीवर बसली.

त्या दिवशी बोधिवृक्षाचं दर्शन झालं. पांढऱ्या कपड्यातल्या बायकांच्या रांगेत आमची पांढरी पातळं वेगळी ओळखूही येत नव्हती. अक्काने डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. ज्या क्षणासाठी ती आली होती तो तिला मिळाला. परतताना तिथल्या एका जुन्या मोठ्या तलावाच्या बांधावर आम्ही बसलो. पाणी पार लांबच्या झाडांपर्यंत पसरलेलं. आमच्याकडे एवढं पाणी असतं तर पुढाऱ्याने त्यावर आपलं नाव घातलं असतं, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

"असा नळ मना घर ऱ्हाता," ती म्हणाली, "ते मी त्या रात मायजोडे ऱ्हाती."

आईजवळ राहायची ती कोणती रात, हे विचारायची गरज नव्हती. मी पाण्याकडे पाहत राहिले. ती पुढे म्हणाली,

"आनि त्या दिन नळ उनाच नही."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आई गेल्याचा निरोप पोचला तेव्हा ती ओट्यावर रिकाम्या हंड्यांच्या रांगेत बसली होती. नळ दुसऱ्या दिवशी आला. तेव्हा ती स्मशानातून घरी पोचलेली होती आणि तिने तो भरलाही, कारण पोरांना प्यायला पाणी नव्हतं. एवढं सांगून ती रडली. मीही रडले. जो राग मी इतकी वर्षं तिच्यावर धरला होता तो कुठे नेऊन ठेवायचा ते मला कळेना. तो गेला नाही. फक्त अक्कावरून उठला.

परत आल्यावर मी पुन्हा तो तक्ता काढला. 'घरात नळ' या रकान्यात आपला आकडा चांगला आहे, दर वर्षी सुधारतो आहे, आणि तो खोटा नाही. गणनेला आलेल्या माणसाने विचारलं असेल, नळ आहे? अक्काने तोटीकडे बोट करून सांगितलं असेल, आठे शे. आमच्या बोलीत 'आठे' म्हणजे इथे आणि 'शे' म्हणजे आहे. तिच्या घराची बरोबर हो अशी नोंद झाली असेल. येतो का, हे त्याच्या कागदावर नव्हतं. मी मुलांना हे सांगितलं. आणि ज्या घरी नळ सदा असतो त्या बाईला तीन दगडांवर भात शिजवावा लागला, तिचं पोरगं परदेशात गेलं, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून विचारणा झाली, "मग मॅडम, वर कोण?" मी म्हटलं, तुझ्या घरी नळ कधी येतो ते आधी सांग. वर्ग हसला, आणि मग एकेक जण आपापल्या गावाचं सांगायला लागला. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

यंदा आईचं पुण्यानुमोदन नेमकं अक्काच्या नळाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आलं. ती आली, वंदना झाली, जेवणं झाली. दिवस कलला तशी मी सवयीने तिची पिशवी दाराशी आणून ठेवली. तिने ती उचलून आत नेली. मी गादीवर धुतलेली चादर घातली.

सकाळी आम्ही आईच्या तसबिरीपुढे चहा घेत बसलो होतो. अक्काचा फोन वाजला. पलीकडे तिची शेजारीण होती, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. नळ उना, घरी कुणी नाही, फाटकाला कुलूप, या वेळी किल्लीही नाही, आता पुढचे दिवस टँकरचं पाणी विकत घ्यावं लागेल, असं ती काकुळतीने सांगत होती. अक्काने सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"येऊ दे," ती म्हणाली. "आज मी आठेच शे."