पाहणाऱ्याचं नाव

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. बाप तिवस्याच्या बाजारात हमाली करायचा, माय निंदणाला जायची. बारावीला आमच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या. पोरांचे भाऊ, काके भिंतीवर चढून उभे असायचे. बाप मला गेटपर्यंत सोडायला आला आणि एवढंच म्हणाला, "येते तेवढं लिह्य. नाही आलं तं कोरं ठेव." मी दोन प्रश्न कोरे ठेवले आणि तरी पास झाले. पुढे अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा आमच्या विहारात सत्कार झाला. शाल आणि एक जड पेन मिळाला. तो पेन अजून माझ्याकडे आहे. या हकिगतीतला फॉर्म मी त्याच पेनाने भरला होता.

अकोल्यातल्या एका लहान संस्थेत मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं काम करते. दोन खोल्या, एक कपाट, एक सर आणि आम्ही तिघं. पाखरं मोजायचा पगार मिळतो हे माझ्या मायला पहिले सहा महिने पटलं नाही. शेजारणींना ती 'ऑफिसात हाये' एवढंच सांगायची. रविवारी घरी गेले की माझे मोजे उलटे करून त्यातली कुसळं वेचत बसायची आणि म्हणायची, "म्याबी आयुष्यभर गवतातच काढलं, बाई. तू एवढी शिकून गवतातच गेली."

गवत म्हणजे मूर्तिजापूरकडच्या एका गावाचा ई-क्लास. कोणाच्याही नावावर नसलेली, गावाच्या ढोरांना चरायला राखलेली सरकारी जमीन, तिला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. पवन्या आणि कुसळी गवताचा माळ, मधून एक नाला, काठाला करवंदीच्या जाळ्या. लांबून पाहिलं तर तिथे काहीच नाही असं वाटतं. कागदावर तिचं नाव 'पडीक' असं आहे. त्या पडीकावर पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीएवढा, लांब पायाचा पक्षी. देशात आता मोजके उरलेत, आणि ते फक्त अशा गवतात अंडी घालतात. झाडं त्याला चालत नाहीत.

मला तो पक्षी मामांनी दाखवला. नात्याने नव्हे, सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामा फासेपारधी. माळाच्या पलीकडे त्यांचा दहा-बारा घरांचा बेडा आहे. त्यांच्या बापाने, आज्याने याच माळावर तित्तिरांना, लाव्यांना फासे लावले. त्यांनीही लावले, आणि ते कधी लपवलं नाही. बेड्यावरच्या म्हाताऱ्यांचा एक जुना नेम होता, की मादी अंड्यावर असते त्या दिवसांत माळावर फासा न्यायचा नाही. पुढे बेड्यानेच फासे बंद केले आणि संस्थेने मामांना रोजावर घेतलं. कागदावर त्यांचं पद 'वाटाड्या'.

पहिल्या वर्षी श्रावणात त्यांनी मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवलं आणि गळ्यातली दुर्बीण काढून ठेवायला लावली. आधी कुठे पाहायचं ते तर पाहा, म्हणाले. बराच वेळ नुसता वारा. मग गवताच्या वर काळं-पांढरं काहीतरी उसळलं, बेडकासारखा टर्र आवाज झाला आणि ते परत गवतात पडलं. पुन्हा उसळलं. तणमोराचा नर मादीला दिसावं म्हणून असा उड्या मारतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोक्यामागचे बारीक तुरेसुद्धा दिसले. मी रडले. मामा दुसरीकडे पाहत बसले आणि नंतर मामीला घरी जाऊन सांगितलं, की मॅडम पाखरू पाहून रडते. बेड्यावर वर्षभर माझी त्यावरून चेष्टा चालली.

दुसऱ्या वर्षी गोष्ट वेगळी झाली. त्या ई-क्लासवर झाडं लावायची योजना आली. झाडं लावायला वाईट कोण म्हणेल? गावाला मजुरी मिळणार होती, सरपंचाला फोटो मिळणार होता. पण आमच्या सरांनी धावपळ करून योजनेच्या कार्यालयाकडून एक गोष्ट मान्य करून घेतली. या पावसाळ्यात तिथे तणमोराचं घरटं किंवा पिल्लं असल्याची नोंद झाली, तर माळ सोडून तलावाकडच्या मुरमाड बरड्यावर झाडं लावायची. नाही झाली, तर माळावर खड्डे. नोंद करायची होती ती मी.

मी रोज पहाटे अकोल्याहून निघायचे आणि मामांबरोबर ठरलेल्या वाटांनी चालायचे. चंडोल दिसले, धाविक दिसले, हरणं दिसली. तणमोर नाही. मुदत संपायला आठवडा होता तेव्हा एका सकाळी मामा फाट्यावरच उभे होते. आदल्या संध्याकाळी नाल्याच्या काठाला त्यांना मादी दिसली होती, दोन पिल्लं घेऊन. त्यांच्याकडे साधा फोन. फोटो नाही.

आम्ही तीन सकाळी त्या जागी बसलो. मला काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी पाऊस लागला आणि मी फॉर्म भरला.

फॉर्मवर 'निरीक्षक' असा रकाना आहे, त्यात मी नेहमीप्रमाणे माझं नाव लिहिलं. 'पिल्लं' समोर लिहिलं, स्थानिक माहिती, खात्री नाही. सरांनी मला एकदा विचारलं, मामांचं म्हणणं तुला खरं वाटतं का. मी म्हणाले, खरं वाटतं, पण मी पाहिलं नाही. सर म्हणाले, नियम तर तोच आहे, स्वतः पाहिलेलंच खात्रीचं. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे इथे लिहून ठेवते. एवढी गरज असतानाही मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं नाही. बापाला फोन करून सांगावंसंही वाटलं होतं.

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. कार्यालयातून आलेल्या साहेबांनी अहवाल वाचला. मागच्या वर्षी नर आढळला, यंदा प्रजननाची खात्रीलायक नोंद नाही. वाचून त्यांनी कागद मिटला. तेव्हा मागे चपलांजवळ बसलेले मामा उठले. बेड्यावरचं कोणी त्या सभेत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"पिल्लं हायेत," ते म्हणाले. "म्या पाह्यली."

सरपंच हसले. "तुमी पाह्यली म्हंजे आता कुठली रायतात बाप्पा. कढईत गेली असतीन."

सगळा वऱ्हांडा हसला. तो हशा फार वाईट नव्हता, हेच वाईट होतं. रोजचा होता. मामा बसले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिली का?"

मी म्हणाले, "नाही."

खरं तेच होतं. मामा खाली बसले.

फाट्यापर्यंत आम्ही दोघं चालत आलो. एस.टी.ला वेळ होता. मी बोलायला सुरुवात केली, नियम सांगितला, फोटो असता तर म्हणाले, खोटी नोंद एकदा पकडली गेली की पुढच्या शंभर खऱ्या कोणी मानत नाही म्हणाले. ते सगळं मामांनी ऐकून घेतलं.

"खोटं लिह्य असं म्या म्हटलं का?"

"नाही."

"मंग? तू मले इचारलंच नाही. दिसली का, एवढंच इचारलं. कशी दिसली, थे नाही."

मी म्हणाले, सांगा आता.

मग त्यांनी सांगितलं. मादी नाल्यातून वर आली तेव्हा ते करवंदीच्या या बाजूला होते, दहा पावलांवर. तिने त्यांना पाहिलं. पण उडाली नाही. पंख पसरले, शेपटी पसरली, मानेची पिसं फुगवली आणि तशीच समोर उभी राहिली. एकटी मादी असं करत नाही, ती सरळ उडून जाते. म्हणून ते जागचे हलले नाहीत, नुसता एक पाय मागे घेतला. तेव्हा तिच्या मागे गवतात मातकट, काळ्या पट्ट्यांची दोन पिल्लं जमिनीला चिकटून बसलेली दिसली. एकाची मान वर होती. मादीने पंख मिटेपर्यंत ते तसेच एका पायावर भार देऊन उभे राहिले, आणि मग आल्या वाटेने मागे गेले, पाठ न फिरवता.

पिल्लांसाठी उभ्या राहिलेल्या मादीचं असं वर्णन मी एम.एस्सी.च्या वेळी इंग्रजीत वाचलं होतं. मामांना कोणतीच भाषा वाचता येत नाही. हे पाहिल्याशिवाय कोणाला सांगता आलं नसतं. आणि मला हे नोंदवता आलं असतं, एकही शब्द खोटा न लिहिता. 'निरीक्षक' रकान्यात त्यांचं नाव, खाली त्यांनी पाहिलेलं, जसं सांगितलं तसं. फॉर्ममध्ये जागा होती. निरीक्षक म्हणजे शिकलेला माणूस, हे फॉर्मवर कुठेही छापलेलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं.

"माह्या बापाले पोलीस धरून नेत," मामा म्हणाले. "तवाबी कोणी इचारत नव्हतं. म्हणाचं काय, नवीन नाही हे." मग एस.टी. आली आणि त्यांनी हात करून ती थांबवली.

मी बसमधून उतरले ती थेट सरांकडे गेले. रात्रीतून मामांचं म्हणणं लिहून काढलं, दुसऱ्या दिवशी बेड्यावर जाऊन त्यांना वाचून दाखवलं, त्यांचा अंगठा घेतला. आम्ही ते कार्यालयात दिलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पूर्ण वाचलं. म्हणाले, हे अहवालासोबत असतं तर मी काही करू शकलो असतो. आता ठराव झाला आहे, आणि तुमच्याच मॅडमनी सभेत नाही म्हटलं आहे. सर माझ्या बाजूने बोलत राहिले. मी खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढत बसले होते.

उन्हाळ्यात जेसीबी आला. नाल्यापासून धुऱ्यापर्यंत चर आणि खड्डे. पहिल्या पावसाला करंज आणि शिसमाची रोपं लागली, काटेरी तार लागली. गावाची ढोरं आता रस्त्याच्या कडेला चरतात, आणि सरपंच मला भेटले की त्याबद्दल कुरकुर करतात, जसं काही ती तार मी लावली.

त्या पावसाळ्यातही आम्ही चाललो. मामा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पहिल्याच सकाळी ते तारेजवळ उभे होते, मला आत जाता यावं म्हणून खालची तार पायाने दाबून. वाटा त्याच, फक्त गवत उखडलेलं आणि दर चार पावलांवर खड्डा. श्रावण संपला. उडी नाही, टर्र नाही, नाल्यावर काही नाही. एकदा मामा करवंदीच्या जाळीशी थांबले आणि बराच वेळ उभे राहिले. दहा पावलांवर आता शिसमाचं वीतभर रोप होतं, अर्धं वाळलेलं.

शेवटच्या दिवशी आम्ही धुऱ्यावर बसलो आणि मी फॉर्म काढला. 'निरीक्षक' रकान्यात मी आधी त्यांचं नाव लिहिलं, मग माझं. ते त्यांना वाचून दाखवलं. नाव ऐकून ते तंबाखू मळत राहिले. मग मी तणमोरासमोर लिहिलं आणि तेही वाचलं.

"तणमोर नाही."

त्यांचा हात थांबला. "असं कावून लिहून राह्यली?"

"नाहीच ना दिसला, मामा."

"मंग 'दिसला नाही' लिह्य. 'नाही' नको लिहू. हाये का नाही, थे आपल्याले काय मालूम? आपल्या दोघाले दिसला नाही, एवढंच मालूम."

मी दोन प्रश्न कोरे ठेवून पास झालेली बाई. जेवढं पाहिलं त्याच्यापेक्षा जास्त मी लिहिलं होतं, आणि तेही नजरचुकीने नाही. रागाने लिहिलं होतं. मामांनी ते माझ्याआधी ओळखलं.

मी ओळ खोडली. वर लिहिलं, दिसला नाही. तारीख, वेळ, आभाळ भरलेलं, वारा पश्चिमेचा. खाली त्यांनी अंगठा उमटवला आणि धोतराला पुसला. मला म्हणाले, सगळं एकदा पुन्हा वाच, पहिल्यापासून.

मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि तार दाबून धरायला पुढे गेले.

रविवारी मायने सवयीने माझे मोजे उलटे केले. आत कुसळ नव्हतं. तिने दुसरा मोजाही पाहिला आणि विचारलं, "काम सुटलं का, बाई?"

मी म्हणाले, नाही, सुरू आहे.