पापणी लवेपर्यंत

“म्हंजे मी मेली म्हन्ते का हा मोबाइल?” पारबतामावशीनं विचारलं.

“मेली नाही म्हणत,” मी म्हणाले. “पण जिवंत आहे असंही म्हणत नाही.”

भीमपूरकडच्या एका खेड्यात मी पोस्टमास्तरीण आहे. नातवंडं झाली, रिटायरमेंट दाराशी आली. त्या दिवशी पेन्शनच्या व्हेरिफिकेशनचा शेवटचा दिवस होता. कापूस वेचून मावशीची बोटं गुळगुळीत झालेली, अंगठा लागेना. आज चेहराही लागला नाही तर पेन्शन थांबणार. एकटी बाई, वाफ्यातली वांगी आणि ही पेन्शन, यावरच तिची चूल.

चेहऱ्याचं काम तसं सोपं. मोबाइल समोर धरला की ॲप आधारच्या फोटोशी चेहरा जुळवतं. पण कोणी नुसता फोटोच समोर धरला तर? म्हणून ते डोळ्यांची उघडझाप मागतं.

“मावशी, डोळे मिचकावा.”

“या सायबापुढं? या वयात?”

तपासणीला आलेले इन्स्पेक्टर साहेब निमूट बाहेर गेले. मी मोबाइल धरला अन् मावशीचा पुतळा झाला. फोटो म्हटलं की पापणी पाडायची नाही, हे जुन्या माणसांच्या हाडात. स्टुडिओवाला रागवायचा ना.

“मावशी, पापणी.”

“हालत नाई मी. तू काढ.”

तिला हसायला मी कोण? अंगठ्याचं मशीन पहिल्यांदा आलं, तेव्हा झिजेल म्हणून मी ते कुलपात ठेवलं होतं. वर ऐटीत म्हणाले होते, “साहेब, मी इथल्या शेळ्यासुद्धा ओळखते. माणसं ओळखायला मशीन कशाला?”

बाहेरून साहेबांचा आवाज आला, “अम्मा, हुआ क्या? सर्वर जाएगा.”

मोबाइल तसाच धरून मी म्हणाले, “मावशी, बाजारात लोक बोलून राह्यले, यंदा तुमची वांगी किडकी.”

“कोन म्हन्ते? नाव सांग त्याचं.”

पापण्या फडफडल्या. हिरवी टिक आली.

मी बघतच राहिले. तळहाताएवढी काच. पुतळा होऊन बसलेली बाई तिला फोटोच वाटते, आणि पापणी लवली की म्हणते, ही जिवंत आहे. जन्मभर मी सह्या पाहिल्या, अंगठे पाहिले. समोरच्याची पापणी कधी पाहिली नव्हती.

“झालं मावशी. तुम्ही जिवंत.”

“ते मले मालूम हाय. वांग्याचं सांग.”

दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीभर वांगी काउंटरवर ओतली आणि एकेक चिरून दाखवली. एकही किडकं नव्हतं.

आता कोणी फोटोसारखं बसलं, की मी सूचना देत नाही. त्याच्या भाजीला नाव ठेवते.