नाचणीचं माहेर

माझा स्वभाव संशयी. दूध पाहिलं की मला आधी त्यातलं पाणी दिसतं. त्यामुळे गावी डोंगरउतारावर नाचणीची कापणी चालली होती, तिथेही मला राहवलं नाही. एकाच शेतात काही कणसं मुठीसारखी मिटलेली, काही बोटं पसरल्यासारखी उघडी, तर काही अजून हिरवीगार!

"वहिनी, बियाण्यात कुणीतरी भेसळ केलीय."

वहिनींनी विळा थांबवून उलट माझ्याकडेच संशयाने पाहिलं. "भेसळ कसली, भाऊजी? ही मिटलेली तुमच्या आईंची. ही उघडी माझ्या माहेरची, हिच्या कणसात पावसाचं पाणी साचत नाही. लग्नात आईने ओटीत मूठभर घातली होती."

"आणि ही हिरवी?"

"ती उशिराची. पाऊस लांबला तर तीच हाताला लागते."

मग हिरवीही पिकल्यावर त्यांनी घरी तिन्ही वाणांच्या कणसांची एकच जुडी बांधली आणि पुढच्या पेरणीसाठी चुलीवर धुरात टांगली. आईच्या नाचणीला मी भेसळ म्हणालो होतो.

शहरात परतल्यावर बायकोने दुकानातली नाचणी निवडायला ताटात ओतली. सगळे दाणे एका रंगाचे, एका मापाचे. एरवी असं धान्य पाहून मी निर्धास्त झालो असतो. त्या दिवशी मात्र बोट फिरवत एखादा वेगळा दाणा शोधत बसलो. एकही सापडेना.

"किती स्वच्छ आहे बघा," बायको म्हणाली.

"आहे खरी," मी म्हणालो. "पण ही कुणाच्या माहेरची?"