एजवेअरचा बुरणूस

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. लोकर कपड्याला चिकटते तसे ते चिकटतात, आणि एक काढायला गेलं की चार हाताला येतात. आमच्या घराला हे चिकटले ते मीराच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. मीरा म्हणजे माझी नात. आई-बाप दोघं डॉक्टर, आणि ही आर्ट कॉलेजात. बापानं सांगून ठेवलं होतं, "फर्स्ट आणलास तर पुढे शीक, नाहीतर मुकाट्यानं नोकरी बघ." पोरीचा जीव टांगणीला.

रशिया फुटून दोन-चार वर्षं झाली होती. कझाकस्तानची गुलनार नवऱ्याच्या नोकरीपायी लंडनमध्ये आमच्या एजवेअरला आली होती. ती लोकर भिजवून, लोळवून जाड बुरणूस करायची. मग दोन रंगांचे बुरणूस एकावर एक ठेवून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापायची, आणि ह्याचा तुकडा त्यात, त्याचा ह्यात बसवायची. मीराला परीक्षेसाठी तेच करायचं होतं, म्हणून गुलनार आमच्याकडे शिकवायला यायला लागली. तिला मराठी नाही, मला इंग्रजी जेमतेम. आमचं छान जमलं.

*

पहिला बुरणूस मागच्या गार्डनमध्ये केला. लोकर बोरूच्या चटईत गुंडाळायची, वर कढत पाणी ओतायचं, दोरीनं आवळायचं आणि लाथांनी लोळवायचं. आम्ही तिघी लाथा घालतोय, तेवढ्यात शेजारचे म्हातारे जॉर्ज कुंपणावरून डोकावले. चटईत माणसाएवढं लांब काहीतरी बांधलेलं.

"तुमचे मिस्टर कुठे आहेत? दोन दिवस दिसले नाहीत."

मला येत होतं तेवढं इंग्रजी वापरलं. म्हटलं, "इनसाइड."

गुलनारनं आणखी एक लाथ घातली.

शेवटी आमच्या ह्यांना चहाचा कप घेऊन बाहेर यावं लागलं, तेव्हा कुठे जॉर्ज कुंपणापासून हलले.

*

एकदा लोकरीबरोबर गुलनारनं फडक्यात बांधून पांढऱ्या, दगडासारख्या गोळ्या दिल्या. मी त्या शालूंच्या ट्रंकेत टाकल्या. महिन्यानं तिनं मीराकरवी विचारलं, "आजींना आवडल्या का?"

"फार छान. एकाही साडीला कसर लागली नाही."

मीराचा चेहरा उतरला. "आजी, ते वाळवलेलं दही आहे. खायचं असतं ते."

माझ्या लग्नाच्या शालूला अजून ताकाचा वास येतो.

*

ग्लासगोला गुलनारच्या ओळखीच्या एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन होतं. मीरा आम्हा दोघींना ट्रेननं घेऊन गेली. भिंतीवर भला मोठा बुरणूस, कडेनं शिंगांची नक्षी, आणि मधोमध सुपाएवढं भोक. गुलनारनं कॉलरला टोचलेली सुई काढली आणि भोक शिवायला घेतलं.

चित्रकार धावत आला. "अहो बाई, ते भोक हेच तर माझं काम आहे."

गुलनारनं भोकात हात घालून पाहिला. "असेल. पण वारा येतोय."

*

मग मीराची पाळी. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि तिचे सर म्हणाले, "हे सगळं कझाक झालं. ह्यात तू कुठे आहेस?" पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मी तिची शिंगं बघून म्हटलं, "अगं, ही तर जिलबी." तिनं तेच धरलं. शिंगांचे वेढे वाढवले, रंग केशरी केला आणि खाली नाव लिहिलं, 'जिलबी'.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. मी गेले, गुलनार आली. परीक्षक साहेब उंच, हातात वही. बुरणुसाखालचं नाव वाचलं आणि मीराला भाषांतर करायला लावून मलाच विचारायला लागले.

"तुमच्या घरात जिलबी कधीपासून?"

"सासऱ्यांपासून. त्यांचं दुकानच होतं."

"त्यात अवघड काय असतं?"

"हात मध्येच थांबला की गेली."

साहेब लिहीत होते. "जुन्या कुठे जपून ठेवल्यात?"

"जपायच्या कशाला? सकाळी करायच्या, संध्याकाळपर्यंत संपवायच्या. दुसऱ्या दिवशी तिच्यात काही राम राहत नाही."

मीराचा आवाज बारीक झाला, पण तिनं शब्द न् शब्द सांगितला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आणि त्या अशा संपताना सासऱ्यांना बघवायचं?"

"नुसते बघतच बसायचे. डायबेटीस होता त्यांना."

साहेबांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. मग गुलनारकडे वळले. "तुम्ही आजींच्या जिलब्या पाहिल्यात?"

गुलनार अगदी गंभीरपणे म्हणाली, "मी चार खाल्ल्या."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

मीराला फर्स्ट मिळाला.