मिसरी बकरीचं मराठी

देवासच्या बाजारात अल्पना साळुंके भाजीचा भाव विचारते तेव्हा आसपासची पोरं मान वळवून बघतात. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नसतो, पण आवाज मात्र घरातला असतो. 'बस नंबर सतरा' या हिंदी कार्टूनमध्ये मिसरी नावाची एक बकरी आहे. ती रोज बिनतिकिटाची बसमध्ये चढते, कंडक्टरशी हुज्जत घालते आणि बोलणं संपवताना घशातून एक कापरी 'बें' काढते. ती 'बें' अल्पनाची.

लग्नानंतर अल्पना सोनकच्छला एका बालमंदिरात शिकवायला जायची. पोरांना गोष्टी सांगताना कोल्हा, म्हैस, कावळा सगळे वेगवेगळ्या आवाजात बोलायचे. एका बालमेळ्यात इंदूरच्या एका लहानशा कार्टून कंपनीच्या माणसांनी ते ऐकलं आणि तिला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांचा स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली होती. बकरीचं काम एका भागापुरतंच होतं. पण बकरी लोकांना आवडली, बस चालत राहिली, गाद्या जाऊन काचेच्या भिंती आल्या आणि कार्टूनचा विसावा सीझन जाहीर झाला. तोवर अल्पनाची मुलगी गुंजन कॉलेजात गेली होती, आणि मिसरी होती तेवढ्याच वयाची होती.

विसाव्या सीझनसाठी कंपनीने काहीतरी मोठं करायचं ठरवलं होतं. कंपनीचे मालक यशराज यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की या वेळी हिंदीबरोबर मराठीतही कार्यक्रम निघेल. मराठीचं काम पुण्याला होईल, आवाजही तिकडचेच असतील.

"मिसरी मराठीत मीच बोलेन," अल्पना म्हणाली.

यशराज तिच्याकडे बघत राहिले. "अल्पनाजी, आप मराठी हैं?"

इतकी वर्षं एकत्र काम करून त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांचा तरी काय दोष? साळुंक्यांचं घराणं पवारांच्या दरबाराबरोबर देवासला आलं, त्याला कित्येक पिढ्या झाल्या. घरात मराठी होतं, पण ते सणावाराला आणि वडीलधाऱ्यांपुढे. शाळा हिंदी, बाजार माळवी, नवऱ्याशी भांडण अर्धं मराठी अर्धं हिंदी. तरी अल्पनाला आपण मराठी बोलतो याबद्दल कधी शंका आली नव्हती. बकरी आपली आहे आणि भाषा आपली आहे, मग अडचण कसली, असं तिला वाटलं.

पुण्याच्या दिग्दर्शिकेचं नाव कृतिका. तिने चार संवाद पाठवले, अल्पनाने ते रेकॉर्ड करून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी कृतिकाचा फोन आला.

"ताई, आवाज अप्रतिम आहे. पण स्पष्ट सांगू का?"

"सांगा ना."

"मिसरी म्हणते, 'माझा तिकीट हरवला'. तिकीट ते असतं. ते हरवलं. घर, दूध, गाठोडं, सगळं तुमच्याकडे तो आणि ती झालंय. आणि 'चाक' म्हणताना तुमचा च 'चिंच'मधला येतो. हिंदीतून मराठीत आलेली बकरी वाटते."

अल्पनाने फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतरवलं. मग तिने गुंजनला हाक मारली आणि विचारलं, "दूध तो का ते?"

गुंजन म्हणाली, "क्या मम्मी?"

आपल्या घरातून 'ते' निघून गेलं होतं, आणि ते कधी गेलं हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नवरा धीरज संध्याकाळी कारखान्यातून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो समजूतदार माणूस. म्हणाला, "अगं, हिंदीवाली मिसरी तर तुझीच आहे ना? ती तर कोणी छीनून नाही घेऊन राहिलं."

"आवाज माझा, भाषा माझी, आणि बोलणार दुसरी. हे नाही चालणार," अल्पना म्हणाली. "मी शिकणार."

तिने कृतिकाला पुन्हा ऐकून घेण्याची विनंती केली. कृतिकाने हो म्हटलं, दिवाळीपर्यंत मुदतही दिली.

धारला अल्पनाची आत्या राहत होती. वडिलांची धाकटी बहीण, पण सगळे तिला अक्का म्हणत. ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी, सकाळी स्वतःची कामं स्वतः उरकणारी बाई. लहान वयात लग्न झाल्यावर तिच्या सासूने तिचं मराठी घासून घेतलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. अल्पना दर रविवारी इंदूरला बस बदलून धारला जाऊ लागली.

"शिकवणे मजला जमायचे नाही," अक्काने पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी बोलेन. तू बोल. चुकलीस तर हातातले काम थांबवायचे."

मग काय, कामं थांबतच राहिली. अल्पना भाजी चिरताना म्हणायची, "तो भगोणा कुठे ठेवला?" आणि अक्का सुरी काढून घ्यायची. "भगुणे. ते." अल्पना म्हणायची, "ते भगुणे." सुरी परत मिळायची. धुणं, निवडणं, देवाची भांडी घासणं, सगळं असं अडखळत चालायचं. अक्का एकदाही रागावली नाही आणि एकदाही तिने सूट दिली नाही.

"हे सारे एका बकरीसाठी?" तिने एकदा विचारलं.

"हो अक्का. बकरीसाठी."

अक्काने थोडा विचार केला. "बरे. मग बकरीने नीट बोलले पाहिजे."

दिवाळीच्या आधी अल्पनाने दुसऱ्यांदा संवाद पाठवले. या वेळी तिला खात्री होती. एकही 'ते' सुटलं नव्हतं, चाकातला च जागेवर बसला होता. फोन केल्यावर कृतिका आधी हसलीच.

"ताई, माफ करा. तुम्ही केलीत ती मेहनत ऐकू येते. पण मिसरी कंडक्टरला म्हणते, 'मजला तूर्त वेळ नाही, उदईक बघू'. ही बकरी पेशव्यांच्या काळातली झाली. सात वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार?"

"मी तर लिहिलेलंच बोलले."

"लिहिलेलं 'मला आत्ता वेळ नाही, उद्या बघू' असं होतं. तुम्ही वाचलं नाहीत, आठवणीतून बोललात."

हे खरं होतं. मराठी मजकूर वाचताना अल्पनाचा वेग मंदावायचा. अक्षरं तीच, पण शब्द डोळ्यांना सवयीचे नव्हते. म्हणून ती संवादाचा अर्थ लक्षात ठेवायची आणि अक्काच्या भाषेत सांगून टाकायची.

त्याच आठवड्यात यशराजनी तिला इंदूरला बोलावलं. ते चांगल्या मनाने बोलत होते. पुण्यातली एक मुलगी संवाद बोलेल, मग मशीन तो आवाज बदलून हुबेहूब अल्पनासारखा करील. तिने फक्त परवानगी द्यायची. लोकांना मिसरी तीच ऐकू येईल, नावही तिचंच लागेल.

अल्पनाने विचारलं, "और बोलेगी कौन?"

"आवाज़ तो आपकी ही होगी, अल्पनाजी."

"आवाज तो घसा आहे फक्त," ती मराठीतच म्हणाली, आणि मग त्यांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, की जे मला येत नाही ते माझ्या आवाजात दुसऱ्याने बोलायचं आणि खाली माझं नाव लावायचं, हे मला मंजूर नाही. पुण्याच्या मुलीने बोलायचं असेल तर तिच्या आवाजात बोलू दे, मी वाईट वाटून घेणार नाही. पण त्याआधी मला अजून एकदा माइकपुढे उभं राहू द्या.

यशराज म्हणाले, "एक बार."

ती बसने देवासला परत आली. टेकडीवर आरतीची घंटा वाजत होती. घरी पोचल्यावर तिने धीरज आणि गुंजनला बसवलं आणि सांगितलं, की आजपासून या घरात फक्त मराठी. आजचं मराठी, अक्काचं नाही.

"आणि नाही आलं तर?" धीरजने विचारलं.

"तर हाताने खुणा करा."

पहिला आठवडा घरात जवळजवळ शांतताच होती. धीरज मीठ मागायला हवेत चिमूट करून दाखवायचा. पण रोजचं मराठी वर्तमानपत्र फोनवर उघडून अल्पना मोठ्याने वाचायची, आधी एकेक शब्द, मग ओळ, मग बातमी. गुंजन शेजारी बसून तिच्यापेक्षाही हळू वाचायची. दोघी एकमेकींना अडवायच्या. दारावर कोणी माळवीत 'भिया', म्हणजे भाऊ, अशी हाक मारली की धीरज सुटल्यासारखा बाहेर पळायचा.

अल्पनाच्या मामेबहिणीची मुलगी वल्लरी पुण्यात तिसरीत शिकत होती. अल्पनाने तिला संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली. ती मिसरीच्या आवाजात एक गोष्ट सांगायची आणि वल्लरी ऐकायची. मध्येच वल्लरी "म्हणजे?" म्हणाली की अल्पना थांबायची आणि दुसरा शब्द शोधायची. सुरुवातीला दर दोन वाक्यांना 'म्हणजे' यायचं. हळूहळू ते कमी झालं. पण एक गोष्ट अल्पनाला खटकत राहिली. वल्लरीला सगळं समजत होतं, पण ती हसत नव्हती.

मग एका संध्याकाळी अल्पना गोष्ट सांगता सांगता कंडक्टरवर इतकी चिडली, की वाक्य आठवायचं विसरूनच गेली. मिसरी म्हणाली, "शिंच्या, तिकीट माझ्याकडे मागतोस? ते मी कालच खाल्लं."

वल्लरी हसू लागली. तिला हसू आवरेना. "शिंच्या म्हणजे काय?" असं तिने हसत हसत विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. "परत म्हण ना मावशी."

अल्पना परत म्हणाली. तिच्या लक्षात आलं, की या वेळी 'ते' बरोबर आलं होतं आणि तिने ते शोधलं नव्हतं.

थंडीत ती इंदूरहून पुण्याच्या गाडीत बसली. धीरजने बरोबर यायची तयारी दाखवली होती, तिने नको म्हटलं. स्टुडिओत कृतिका काचेच्या पलीकडे बसली होती. तिशीतली, केस बांधलेली, कामात असलेली बाई. तिने नमस्कार केला, पाणी दिलं आणि सरळ पडदा सुरू केला.

विसाव्या सीझनचा पहिला भाग होता. रस्ता रुंद होणार म्हणून बस नंबर सतरा बंद करायचं ठरतं, आणि मिसरी रस्त्यात आडवी पडते. सगळे तिला उठवायला येतात. ती उठत नाही. हिंदीत हा भाग अल्पनाने आधीच केला होता. आता तोच जबडा पडद्यावर हलत होता आणि त्यात मराठी बसवायचं होतं.

पहिल्या वेळी तिचं वाक्य बकरीचं तोंड मिटल्यावर संपलं. दुसऱ्या वेळी तोंड उघडायच्या आधी सुरू झालं. तिसऱ्या वेळी ती मधल्या शब्दावर अडकली.

"परत," कृतिका म्हणाली.

अल्पनाने कागद बाजूला ठेवला नाही. पूर्वी तिने तेच केलं असतं. तिने कागद जवळ धरला, ओळ एकदा मनात वाचली आणि मान हलवली.

"मी उठणार नाही," मिसरी म्हणाली. "या रस्त्यावरचं गवत माझं आहे, ही बस माझी आहे आणि हा कंडक्टर मूर्ख असला तरी माझाच आहे. तुमचं काय आहे इथे, शिंच्यांनो? बें."

काचेपलीकडे कृतिकाबरोबर बसलेला ध्वनिमुद्रक तोंडावर हात ठेवून हसत होता. कृतिका हसत नव्हती. ती डोळे मिटून ऐकत होती.

"शिंच्यांनो लिहिलेलं नाहीये," ती म्हणाली.

"काढते."

"नको. राहू द्या. पण 'मूर्ख'वर जोर जास्त पडला. परत एकदा करू." ते झाल्यावर तिने घड्याळ बघितलं. "ताई, तुमचं वाचन अजून हळू आहे. दुसरी कोणी एका दिवसात दोन भाग करील, तुमचा एकच होईल."

"मी लवकर येईन. उशिरापर्यंत बसेन."

"तेच सांगत होते. उद्या सकाळी नऊला या."

अल्पनाने हेडफोन काढून खुंटीला लावले. बाहेर येऊन तिने धीरजला फोन केला. धीरजने विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." आणि मग फुटपाथवर उभी राहून बराच वेळ रडली.

विसावा सीझन उन्हाळ्यात दोन्ही भाषांत सुरू झाला. देवासच्या महाराष्ट्र समाजाने एका रविवारी मराठी भाग मोठ्या पडद्यावर लावला. पोरं सतरंजीवर बसली होती, त्यांचे आजोबा मागे खुर्च्यांवर. सुरुवातीला पोरं एकमेकांना हिंदीत विचारत होती, की ही काय बोलली. मिसरी रस्त्यात आडवी पडली तेव्हा विचारणं थांबलं.

कार्यक्रम संपल्यावर अंकिता नावाची एक चिमुरडी अल्पनाजवळ आली. "आँटी, मिसरी को सच में मराठी आती है?"

"येते की," अल्पना म्हणाली. "तुला येते?"

अंकिताने पायाच्या अंगठ्याने सतरंजी खरडली. मग तिने सुरुवात केली. तिच्या आजीकडेही एक बकरी होती, ती रोटी खायची, मग ती बिमार पडली, मग डॉक्टर आला आणि सुई लावली. निम्मे शब्द हिंदी होते, दोन माळवी होते. मागून तिची आई तिला थांबवायला पुढे आली, तशी अल्पनाने हात वर केला.

"बोलू द्या तिला," ती म्हणाली, आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. "हं, सुई लावली. मग?"