लॅपटॉपातली सुपारी

त्या दसऱ्याला घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की आम्हाला इचारलं नाय. मी व्हते. माझा पोरगा व्हता, अंबडला कारखान्यात लेथ मशीनीवर कामाला. त्याची बायको, माझी सून. माझी धाकटी लेक, ती तवा सासर सोडून माझ्याकडं आली व्हती. आन शेजारीण, आपट्याची पानं द्यायला आली ती चहा पिऊनच उठली. एवढीच माणसं. बाकी लहान पोरं आत-बाहेर पळत व्हती, ती धरत नाय. मालक नव्हते. ते लेकीच्या लग्नाच्या लय आधी गेले.

हे मी बोलते आन नात लिहून घेते. मला सहीपुरती अक्षरं येतात.

आम्ही मूळचे सिन्नरच्या पल्याडचे. गावात पाणी नाय म्हणून नाशकात आलो, मालकांना अंबडला कारखान्यात काम लागलं. ते गेले तवा पोरं शाळेत व्हती. कारखान्याच्या कॅन्टीनमधी मला चपात्या लाटायला घेतलं. तव्याच्या वाफेनं हातावरची लव गेली, ती परत आली नाय. लोक म्हणायचे, ही बाई रडत कशी नाय? पीठ मळताना रडायला हात मोकळा राहत नाय, दुसरं काय.

लेकीला बी.कॉम. केली आन वणीकडं दिली. मोठं घर, द्राक्षाची बाग. लग्नात लोकं म्हणली, नशीब काढलं पोरीनं. पण मूल होईना म्हणून तिला बोलायला लागले, मंग हात उगारायला लागले. एक दिवस दुपारची एसटीतून उतरली, हातात एक पिशवी. मी काय इचारलं नाय. ताट वाढलं.

त्याच साली कॅन्टीन ठेकेदाराकडं गेलं आन आम्हा बायांना घरी बसवलं. हातात जे आलं त्याचा मी लेकीला लॅपटॉप घेतला. पोरगा लय फुगला.

"आई, त्यात घरावरचे पत्रे बदलून झाले असते."

मी म्हणले, "पत्रे मागून बसतील. हिचं आधी बसू दे."

अंबडच्या एका शेठनं लेकीला सांगितलं व्हतं, घरी बसून आमचे हिशोब मशीनीत घाल, लक्ष्मीपूजनाच्या आत पुरे करून दाखव, मंग काम कायम तुझं. आन तिकडून वणीहून सासऱ्याचा निरोप आला, लक्ष्मीपूजनाला घरची सून घरात पाहिजे, वसुबारसेला न्यायला येतो. पोराचं म्हणणं, जाऊ दे तिला, नवऱ्याचं घर हाय. मी म्हणले, काम लागलं तर ती राहील. नाय लागलं तर तू म्हणशील तसं. म्हणजे सगळं त्या मशीनीवर आलं.

आता आमच्या घरची रीत. जे हत्यार पोटाला घालतं, त्याची दसऱ्याला पूजा. माझं पोळपाट-लाटणं, सुनेचं शिलाई मशीन, पोराचं माप घ्यायचं हत्यार, गावाकडून आणलेला इळा. त्या साली लॅपटॉप बी मांडला. पाटावर नवं कापड घातलं, पुस्तकावानी उघडा ठेवला. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आन बटणांवर विड्याचं पान ठेवून त्याच्यावर सुपारी. त्या दिवशी हत्यार हातात घ्यायचं नाय आन मांडलेली पूजा सकाळपर्यंत हलवायची नाय. माझ्या सासूच्या घरी तसंच व्हतं.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं दारात यायला लागली. पोरं बटणांना हात लावतील म्हणून पोरानं काय केलं, लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. पूजा हलवायची नाय, म्हणून पान-सुपारी आतच राहिली. आन झाकण नीट बसंना म्हणून पिठाच्या डब्यावर देतो तसा वरून तळहातानं दाब दिला.

सकाळी लेकीनं उघडलं. सुपारी घरंगळत चुलीपाशी गेली. लेकीनं बटण दाबलं, उजेड आला, आन त्या उजेडात काळी शाई सांडल्यावानी डाग, डागातून चहूकडं कोळ्याच्या जाळ्यावानी रेघा. अक्षर एक दिसंना. लेक तशीच बसून राहिली. सून म्हणली, "ओल्या फडक्यानं पुसून बघू का?"

पोरगा म्हणला, "घाबरायचं काय त्यात? वॉरंटी हाय. वर्षभर काय बी झालं तर फुकट."

रिक्षानं आम्ही तिघं निघालो, कॉलेज रोडच्या बाजूला लॅपटॉपच्या कंपनीचं दुरुस्तीचं दुकान व्हतं तिथं. रिक्षात पोरानं शिकवलं. "कोणी काय बोलायचं नाय. मी बोलतो. आपोआप गेलं म्हणायचं."

लेक बाहेर बघत व्हती. मी म्हणले, "तुला बोलायचं तर बोल."

दुकानात थंडगार. काउंटरच्या मागं एक चष्म्यावाला साहेब, माझ्या पोराहून लहान. त्यानं मशीन उघडली, उजेडाकडं तिरपी धरली आन म्हणला, "फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही."

पोरगा म्हणला, "बसत नाय म्हणजे? महिना नाय झाला घेऊन."

"वॉरंटी म्हणजे मशीन स्वतःहून बिघडली तर कंपनी करून देते. फोडली तर नाही."

"आम्ही कुठं फोडली? आपोआप गेली."

साहेबानं एक बारीक ब्रश घेतला, बटणांच्या फटीतून फिरवला आन कागदावर झटकला. पिवळं पिवळं पडलं, वर तांदळाचे दाणे. "ही हळद पण आपोआप आली का?"

मागं रांग व्हती. त्यातला एक जाडा माणूस म्हणला, "लगीन लागलं असंल मशीनीचं. फुटली ती वरातीत नाचताना." सगळी हसली. पोराचे कान लाल झाले.

तो म्हणला, "पूजा केली ती खरी. काच तिच्या आधीच तडकली व्हती. घेतली तशीच व्हती. तुम्ही फुटका माल दिला आम्हाला."

साहेबाचं हसू गेलं. "असं? मग तसं लिहून द्या. मशीन मुंबईला पाठवतो. ते तपासतील, मग काय ते कळवतील."

लेक पहिल्यांदाच बोलली. "किती दिवस?"

"दिवाळी तर जाईल, ताई."

लेकीनं खालून माझा पदर धरला. भावाच्या घरात राहायचं, भावाला चार लोकांत खोटं कसं पाडायचं? तिला ते जमणार नव्हतं. मला जमत व्हतं. मी काउंटरपाशी गेले.

"साहेब, आत सुपारी व्हती. पूजेची. सुपारी आत ठेवून झाकण लावलं, वरून दाबलं. म्हणून फुटली."

"आई!" पोरगा वरडला.

"वरडू नको. ताक सांडलं तर मडकं आपोआप आडवं झालं म्हणतो का आपण?"

साहेबानं चष्मा काढला. "मावशी, हे तुम्ही बोललात आणि वॉरंटी गेली."

"जाऊ दे. ती कुठं जाती ते मागून बघू. तुमच्या पाठीमागं बघा."

तो वळला. मागं त्यांचं कागद काढायचं मशीन व्हतं. त्याच्यावर हळद-कुंकवाची बोटं, सुकलेला झेंडू, आन पानावर सुपारी तशीच. दसरा कालचाच तर व्हता.

मी म्हणले, "तुमच्या मशीनीला झाकण नाय, म्हणून ती वाचली."

परत सगळी हसली, जाडा माणूस सगळ्यात मोठ्यानं. पण आता आमच्यावर हसत नव्हती.

साहेब म्हणला, "आमच्यात पण पूजा असते हो. पण कंपनीला काय सांगू?"

"सांगा की, घेताना तुमच्या विक्रीच्या दुकानातल्या पोरीनं सांगितलं, पाणी सांडू नका, उन्हात ठेवू नका. आन म्हणली, दसरा आलाय, चांगला मुहूर्त हाय, पूजा करा. आत काय ठेवून मिटू नका, हे कोणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय, मावशी."

"पुस्तक कोण वाचतंय?"

तवा माझी लेक म्हणली, "आई, पुस्तक इंग्रजीत हाय आन मला इंग्रजी येतं. मीच उघडलं नाय."

मी साहेबाला म्हणले, "बघा. ही बी खोटं बोलत नाय. आता काय ते तुम्ही ठरवा. मी हितं बसते."

आन बसले. तिथं एक लाल खुर्ची व्हती, तिच्यावर. मला घाई नव्हती. कॅन्टीनमधी मुकादम पगार लांबवायचा तवाबी मी अशीच त्याच्या दारात बसायची. भांडायचं नाय, उठायचं नाय. उठवायची लाज त्याला वाटली पाहिजे.

साहेबानं रांगेतली माणसं घेतली. मधी त्याचा फोन वाजला. "हा माय, कामवर शे," असं हळूच म्हणला आन ठेवला. तवा कळलं, हा सटाण्याकडचा, आन आईला अहिराणीत बोलतो. मला बरं वाटलं. आईशी आईच्या बोलीत बोलणारा माणूस दगड नसतो.

रांग संपल्यावर तो आमच्याकडं आला. पोराला म्हणला, "दादा, तुम्ही तसंच लिहून दिलं असतं ना, तर मला मशीन पाठवावीच लागली असती. आणि तिकडून पण नाहीच म्हणून परत आली असती. मावशींनी खरं सांगितलं, म्हणून आता मी इथं उघडून बघू शकतो. काच वॉरंटीत मिळणार नाही. ते माझ्या हातात नाही."

आतून त्यानं एक जुना जाड डबा आणला, टीव्हीसारखा, मागं ढेरी असलेला. एक वायर त्या डब्याला अन आमच्या मशीनीला लावली. बटण दाबलं. डब्यावर लेकीचे हिशोब आले, सगळे, अक्षर न अक्षर.

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"मशीनीला काही झालं नाही," साहेब म्हणला, "फक्त काच गेली. हा डबा आमच्याकडं धूळ खातोय. दिवाळीपर्यंत न्या, काम करा, मग आणून द्या. नवी काच मागवून ठेवतो."

पोरगा म्हणला, "येतो मंग." मी उठले नाय.

"साहेब, काचेचे पैसे देऊ. बसवायची मजुरी घ्यायची नाय."

"मावशी, कसं..."

"वॉरंटीतलं अर्धं तरी द्या. सगळं कुठं मागते?"

तो हसला. "बरं. मजुरी नाही." मंग मी उठले.

रिक्षात पोरानं डबा मांडीवर घेतला. आमच्यात माफी मागायची पद्धत नाय. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो वर्कशॉपमधून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेऊन आला, डबा बरोबर बसंल असा. हिरवा रंग बी दिला व्हता. तो ठेवला, आन मला म्हणला, "चहा ठेव."

लेक त्या डब्यासमोर बसली. सून तिला जाग्यावर भाकर द्यायची. मी पोरांना बाहेर राखायची.

वसुबारसेला सासरा आला. पांढरी टोपी, द्राक्षाचे दिवस नव्हते म्हणून हातात पेढ्याचा पुडा. त्यानं डबा बघितला.

"हे काय, टीव्ही बघत बसली का आमची सून?"

लेक उठली, पाया पडली. "नाय मामा, काम हाय. शेठला आज द्यायचंय. तुम्ही चहा घ्या, माझं थोडंच राहिलंय." आन परत जाऊन बसली. बटणं बरोबर पडत व्हती.

मी म्हणले, "बसा इवाई. ती कामाला लागली."

"काम काय, आमच्याकडं बी लय हाय," सासरा म्हणला. मंग माझ्याकडं पाठ करून पोराला इचारलं, "तुम्ही घरातले पुरुष. तुम्ही काय म्हणता?"

मी पोराकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, आई सांगती म्हणून बोलतो. चुलीवरचा चहा बघत बसले.

पोरगा म्हणला, "तिचं एकदा माझ्या हातानं मोडलंय. दुसऱ्यांदा मोडायचं नाय. तिला यायचं असंल तवा ती येईल."

सासऱ्याला काय कळलं, काय नाय. त्यानं चहा पिला, बशी पालथी घातली आन वणीची एसटी धरली. पेढे ठेवून गेला, ते सांगते. माणूस अगदीच वाईट नव्हता.

शेठनं काम कायम दिलं. लेक गेली नाय. पुढं तिनं स्वतःच्या कमाईतून काच बसवली, अन साहेबानं मजुरी घेतली नाय. डबा परत दिला तवा मी त्याच्यासाठी शेव-चिवडा नेला. त्याच्या आईला बी एक पिशवी बांधून दिली. पत्रे दुसऱ्या साली बसले, त्यात बी लेकीचा हात व्हता.

दसऱ्याला आम्ही अजून लॅपटॉपची पूजा करतो. सुपारी पाटावर ठेवतो, मशीनीवर नाय. रीत मोडली असं मला वाटत नाय, सुपारी एक वीत सरकली इतकंच.

आता जो कोणी हे वाचतोय, त्याला माझं एवढंच सांगणं. पूजा जरूर करा. पण झाकण लावायच्या आधी आत एकदा हात फिरवून बघा. आन तरी फुटलंच, तर दुकानात जाऊन जे झालं तेच सांगा, आन उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.